जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि नवं टर्बो इंजिन: अचलपूर तालुक्यातल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याची बाग असलेल्या एका शेतकऱ्याची ही गाडी. १९९० च्या दशकात परदेशातून आलेली जपानी फोर-बाय-फोर. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आणि त्यामागे आयसिन या जपानी कंपनीच्या घराण्यातला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या घराण्यातले गिअरबॉक्स त्या काळात बऱ्याच जपानी गाड्यांत बसत. पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओढायला, पावसाळ्यात नाल्यातून पलीकडे जायला आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिखलदऱ्याचा घाट चढायला मालक हीच गाडी वापरत. मालकांची आणि मिस्त्रींची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. गिअरबॉक्सच्या कामापुरता मी या प्रकरणात होतो.

मालकांचं वय साठीच्या आसपास. काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून डावा गुडघा कामातून गेला. तेव्हापासून क्लच दाबायची गाडी त्यांना चालवता येत नाही. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीभोवती फिरले, म्हणून ती आधीच सांगितली.

अडचण

इंजिनाचं हेड तडकलं. एकदा वेल्डिंग करून चालवलं, पण पुढच्याच उन्हाळ्यात पाणी पुन्हा सिलिंडरमध्ये उतरू लागलं. नवीन हेड मिळेना. जुनं मिळालं तेही तडकलेलं. ब्लॉक उघडला तर लायनरही झिजलेले. गिअरबॉक्स मात्र बरा होता. तेल काळवंडलेलं, पण जळका वास नाही. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), दोन्ही शाफ्ट आणि अॅक्सल ठणठणीत.

इंजिन गेलं आणि बाकी गाडी धडधाकट, अशा वेळी गावाकडे सर्रास दुसरं इंजिन टाकतात. मॅन्युअल गाडीत ते तुलनेनं सोपं असतं, कारण क्लच प्लेटला इंजिन कोणतं आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ऑटोमॅटिकमध्ये घोडं तिथंच अडतं. प्रत्येक क्षणी इंजिन किती जोर लावतंय याचा अंदाज जुन्या ऑटोमॅटिकला बाहेरून मिळावा लागतो. त्या अंदाजावरच तो आतल्या क्लचवर तेलाचा दाब किती ठेवायचा हे ठरवतो. अंदाज चुकला तर क्लच घसरतो, घसरला की तापतो आणि तापला की जळतो.

पर्याय

पहिला पर्याय गाडी विकून नवी ऑटोमॅटिक घेण्याचा होता. मालकांनी तो ऐकूनच घेतला नाही. त्यांच्या बागेतली चाकोरी आणि नाला पाहिल्यावर मलाही त्यांचं पटलं. खाली ट्रान्सफर केस आणि लो रेंज असलेली, परवडणारी ऑटोमॅटिक गाडी बाजारात मिळणं कठीण होतं.

दुसरा पर्याय परतवाड्याच्या मिस्त्रीने सुचवला. नागपूरच्या भंगार बाजारातून स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन त्याच्याच मॅन्युअल गिअरबॉक्ससकट आणायचं. मिस्त्री म्हणाला, "काका, गाडी मॅन्युअल करून टाकू, सस्त्यात होते." मालक म्हणाले, "अन् क्लच कोन दाबन? तू येशीन का रोज?" तो विषय तिथेच मिटला.

तिसरा पर्याय एखाद्या नव्या गाडीचं इंजिन आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक असा जोड उचलण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, कारण इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संगणक एकमेकांशी बोलतात आणि गिअर बदलताना इंजिन क्षणभर स्वतःचा जोर कमी करतं. पण असा जोड भंगारात धड अवस्थेत क्वचित येतो. गिअरबॉक्स लांब असल्यानं शाफ्ट कापावे लागले असते, आणि जुना ट्रान्सफर केस त्याच्या मागे बसवणं हे वेगळंच मोठं काम झालं असतं.

चौथा पर्याय म्हणजे जुना गिअरबॉक्स ठेवून त्याच्यापुढे एमहॉक बसवणं. इंजिन २.२ लिटरचं, १२० अश्वशक्तीचं, २९० न्यूटन मीटर जोर आणि तो १,८०० ते २,८०० फेऱ्यांदरम्यान. जुन्या इंजिनाचा जोर सुमारे २४० होता. आकडा साधारण २१ टक्क्यांनी वाढत होता. दोन्ही डिझेल, दोन्हींची कमाल ताकद ४,००० फेऱ्यांच्या आसपास, त्यामुळे गिअर बदलण्याचे वेग जुळणार होते. पेट्रोल टर्बो इंजिन घेतलं असतं तर गव्हर्नरपासून (गाडीच्या वेगाप्रमाणे गिअर बदलायला लावणारा भाग) सगळं बदलावं लागलं असतं. सुटे भाग परतवाड्यात मिळतात हाही मोठा मुद्दा होता. हाच पर्याय ठरला.

परवानगीचं काम

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि बदल नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो. भंगारातून इंजिन घेताना इंजिन क्रमांकासह पक्कं बिल आणि मूळ गाडीचे कागद घेतले. कागद नसलेलं इंजिन स्वस्त मिळत होतं. ते नाकारणं हा या प्रकरणातला पहिला चांगला निर्णय. गाडी पंधरा वर्षं कधीच ओलांडून गेली होती, म्हणजे पुनर्नोंदणीच्या तपासणीत ती पुन्हा पुन्हा उभी राहणार. तिथं इंजिन क्रमांक जुळला नाही तर सगळा खर्च पाण्यात. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवला.

जोडणी

या घराण्यातल्या गिअरबॉक्सचं बेलहाऊसिंग, म्हणजे इंजिनाला जोडलं जाणारं पुढचं तोंड, मुख्य बॉडीपासून वेगळं निघतं. ते सोडवून इंजिनाच्या मागच्या तोंडाचं माप घेता येतं आणि मध्ये बसणारी अॅडाप्टर प्लेट कापता येते. प्लेट अमरावतीत लेथवर झाली. प्लेटच्या जाडीइतका टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारा भाग) क्रँकपासून लांब जातो, म्हणून तेवढ्याच लांबीचा हब क्रँकवर बसवावा लागतो. कन्व्हर्टरचं नाक त्या हबमध्ये नेमकं बसलं पाहिजे.

टर्नर अनुभवी माणूस, पण त्याचं आयुष्य ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कामात गेलं होतं. इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्यामधल्या फ्लेक्स प्लेटसाठी त्याने आठ मिमी जाडीची प्लेट काढून ठेवली होती. पातळ पत्रा एवढं इंजिन कसा पेलणार, हा त्याचा सवाल रास्त होता. पण कन्व्हर्टर चालू असताना आतल्या तेलाच्या दाबाने किंचित फुगतो आणि पुढेमागे सरकतो. ती हालचाल झेलायला फ्लेक्स प्लेट लवचीकच लागते. जाड प्लेट लवत नाही, आणि मग तो सगळा रेटा क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर नाहीतर गिअरबॉक्सच्या पंपावर जातो. गोलाईत फिरवायचा जोर पेलायला तीन मिमीचं चांगलं स्टील पुरतं. त्याने शेवटी तीन मिमीची प्लेट केली आणि तिच्यावर एमहॉकच्या फ्लायव्हीलची रिंग गरम करून चढवली, म्हणजे स्टार्टर इंजिनाचाच राहिला.

मग डायल गेज. क्रँकवर गेज बांधून बेलहाऊसिंगच्या भोकाभोवती फिरवला तेव्हा फरक ०.३५ मिमी निघाला. डोळ्यांना सगळं सरळ दिसत होतं. एवढ्या फरकावर गाडी चालू झाली असती आणि दोन-चार महिन्यांत पंपाचं पुढचं सील आणि बुश गेलं असतं. दोष गिअरबॉक्सच्या माथी मारून सगळे मोकळे झाले असते. डॉवेल (जोडाची जागा पक्की करणाऱ्या खिळी) सरकवून फरक ०.१० वर आणला. या कामात एक अख्खी संध्याकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली.

कन्व्हर्टर बसवताना तो हाताने फिरवत आत ढकलायचा असतो. स्टेटर, टर्बाइन आणि पंप अशा तिन्ही ठिकाणी तो एकेक करून खटकन् आत जातो. तिसरा खटका लागला नाही आणि बोल्ट आवळून इंजिन गिअरबॉक्सला जोडलं, तर पहिल्या स्टार्टलाच पंपाचा दात तुटतो. पूर्ण आत गेलेला कन्व्हर्टर आणि फ्लेक्स प्लेट यांच्यात तीन ते पाच मिमी जागा उरली पाहिजे. आमच्याकडे चार उरली.

गिअरबॉक्स खाली होताच, म्हणून तो उघडून रबरी सील आणि क्लच प्लेटा नव्या टाकल्या. जुनी सीलं नखाने दाबली तर दबत नव्हती, प्लास्टिकसारखी कडक झाली होती. सील कडक झालं की दाब क्लचपर्यंत पोचण्याआधीच गळतो. जुना ऑटोमॅटिक जास्त ताकद पेलत नाही असं लोक म्हणतात, त्यातल्या बऱ्याच वेळा पाणी इथंच मुरत असतं.

थ्रॉटल केबलचा प्रश्न

हा गिअरबॉक्स पूर्णपणे तेलाच्या दाबावर चालतो. जुन्या इंजिनाच्या फ्युएल पंपाच्या लिव्हरपासून एक केबल गिअरबॉक्समध्ये जायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि आतला दाब वाढायचा. एमहॉकचं पेडल विजेवर चालतं. ओढायला लिव्हरच नाही. म्हणून पेडलच्या दांडीवर एक अर्धगोल चकती बसवून केबल तिला बांधली. पेडल पूर्ण दाबलं की केबल पूर्ण ओढली जाते अशी जुळवणी केली. चाकांना दगड लावून, ब्रेक दाबून स्टॉल चाचणी घेतली, म्हणजे गाडी जागेवर धरून गिअरमध्ये पूर्ण पेडल, पाच सेकंदांच्या आत. दाब आयडलला (पेडल न दाबता) चारच्या आसपास आणि स्टॉलला साडेदहा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) आला. पुस्तकाप्रमाणे बरोबर.

स्टॉलच्या फेऱ्याही तपासल्या. कन्व्हर्टरच्या स्टॉल फेऱ्या इंजिनाच्या जोराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. जोर १.२१ पट म्हणजे फेऱ्या १.१० पट. जुन्या २,१०० च्या आता २,३०० व्हायला हव्या होत्या आणि जवळपास तेवढ्याच आल्या. हे आमच्या पथ्यावर पडलं, कारण एमहॉकचा पूर्ण जोर १,८०० नंतर येतो. कन्व्हर्टर याहून घट्ट, म्हणजे कमी फेऱ्यांवर स्टॉल होणारा असता तर गाडी उचलताना इंजिन टर्बो जागा होण्याच्या खालीच दाबून राहिलं असतं.

सपाट रस्त्यावर गाडी सुरेख चालली. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागल्यावर खरी गोष्ट कळली. चढावर, अर्धं पेडल, दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना इंजिनाच्या फेऱ्या एकदम वर उसळायच्या आणि मग गिअर धरायचा. मिस्त्री शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काका, पाय तेवढाच हाय, पन इंजिन उडालं." निदान त्या एका वाक्यात होतं.

जुन्या इंजिनात पाय किती दाबला आणि जोर किती निघाला यांचं नातं बऱ्यापैकी सरळ होतं. नव्या इंजिनात तसं नाही. पेडल निम्मं असतानाच संगणक मोठा जोर देऊ करतो, आणि तोही टर्बो भरल्यावर. म्हणजे पाय हलत नाही, केबल हलत नाही, पण १,५०० वरून २,००० फेऱ्यांवर जाताना जोर कुठल्या कुठे वाढतो. गिअरबॉक्स मात्र निम्म्या पायाचाच दाब धरून बसलेला. दाबाच्या भोकाला सेन्सर लावून त्याचं मीटर डॅशबोर्डवर घेतलं तेव्हा उसळीच्या क्षणी दाब जेमतेम सहा किलो दिसला. हिशेबाने तिथं आठ हवे होते.

दाब वाढवण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग, केबल लवकर ओढायची. चकतीचा आकार बदलून साठ टक्के पेडललाच केबल पूर्ण ओढता येते. यात अडचण अशी की या गिअरबॉक्समध्ये तीच केबल गिअर कधी बदलायचा हेही ठरवते. केबल लवकर ओढली की दाब वाढतो, पण गिअरही उशिरा पडतो. गावातल्या रस्त्यावर गाडी दुसऱ्यातच रेंगाळते.

दुसरा मार्ग, व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाच्या वाटा उघडझाक करणारा भाग) प्रेशर रेग्युलेटरच्या स्प्रिंगमागे शिम (पातळ वॉशर) टाकून सगळीकडेच दाब थोडा वर उचलायचा. गिअर बदलण्याच्या वेळेवर याचा परिणाम होत नाही. पण हलक्या पायावर गिअर धक्क्याने पडतात आणि पंपावर कायमचा भार वाढतो.

तिसरा मार्ग इंजिनाच्या बाजूने. संगणकात बदल करून निम्म्या पेडलचा जोर कमी करायचा. यासाठी विश्वासू माणूस हवा. जवळपास जे उपलब्ध होते ते ताकद वाढवून देणारे, कमी करून देणारा कोणी भेटला नाही. कुणाच्या तरी फायली इंजिनात भरण्यापेक्षा हा मार्ग तेव्हा सोडला.

शेवटी पहिला आणि दुसरा मिळून केले. चकती पंचाहत्तर टक्के पेडलला केबल पूर्ण ओढेल अशी घासली आणि स्प्रिंगमागे पातळ शिम टाकली. आयडलचा दाब पाच किलोपर्यंत गेला, घाटात निम्म्या पेडलला आठ दिसू लागले. उसळी गेली. लिव्हर डी वर (पुढे जायला) टाकताना आता हलका ठोका जाणवतो. मालकांना तो चालतो.

तेलाचं तापमान

भंगारातून आलेला रेडिएटर मॅन्युअल गाडीचा, म्हणजे त्याच्या टाकीत गिअर ऑइलचा कूलर नाही. बाहेरचा प्लेट कूलर स्वतंत्र पंख्यासह लावला. जागा निवडताना वाद झाला. जाळीमागे इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर अशी आधीच दाटी होती. कूलर त्यांच्या पुढे लावला असता तर विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांत इंटरकूलरला तापलेली हवा गेली असती. म्हणून तो बाजूला, चाकाच्या आतल्या पत्र्यापाशी बसवला आणि पुढे जाळी लावली, कारण बागेतली धूळ आणि काडीकचरा कूलरच्या फटींत लगेच बसतो.

चाचणीच्या घाटात पंखा चालू नसताना तेल ११८ अंशांवर गेलं होतं. या तेलाला ८० ते ९५ बरं. १२० च्या वर त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. पंखा ९० ला चालू होईल असा स्विच लावल्यावर त्याच चढावर तापमान शंभरीच्या आत राहिलं. ट्रॉली जोडलेली असताना ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा, चौथा गिअर) बंद ठेवायचं बटण मालकांनी स्वतःहून वापरायला सुरुवात केली. वरच्या गिअरमध्ये कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) लागतो आणि ट्रॉलीचा भार त्याच्यावर न आलेला बरा.

निष्पत्ती

त्या वर्षीच्या मृग बहाराची तोडणी आणि त्यानंतरचा पूर्ण उन्हाळा गाडीने काढला. तेलाच्या चाळणीखालचा पॅन उघडून पाहिला तेव्हा चुंबकावर राखाडी पीठ होतं, नव्या प्लेटांच्या सुरुवातीच्या झिजेइतकं. काळा चुरा नव्हता. नोंदणी पुस्तकात नवा इंजिन क्रमांक चढला आहे. मालक आता चिखलदऱ्याला एकटे जातात.

उणिवा आहेत. हलक्या पायावर दुसरा गिअर पूर्वीपेक्षा थोडा उशिरा सुटतो. थंड तेलावर पहिले काही मिनिटं गिअर कडक पडतात. वायरिंगमध्ये क्लच पेडलच्या स्विचचा सिग्नल कायमचा जोडून ठेवावा लागला, आणि किल्ली, संगणक व इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारा भाग) एकाच मूळ गाडीतले असूनही ते काम अंदाजापेक्षा लांबलं.

काय वेगळं करता येईल

दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर पहिल्या चाचणीआधीच लावावा. इथे ते घाटात उसळी दिसल्यावर लावले. नव्या प्लेटा त्या पहिल्या चढावर काही वेळा घसरल्या, ती झीज भरून येत नाही.

अश्वशक्तीच्या आकड्यांवर बोलण्यात सुरुवातीला फार वेळ गेला. कोणता गिअरबॉक्स किती पेलतो याच्या याद्या लोक काढून दाखवतात. त्या यादीपेक्षा निम्म्या पेडलला इंजिन किती जोर देतं आणि तेव्हा गिअरबॉक्स किती दाब धरतो हे दोन आकडे आधी हातात हवेत. ते इंजिन गाडीत बसवण्यापूर्वीही मिळवता आले असते. मूळ गाडी चालती असताना तिच्या संगणकाला स्कॅनर लावून पेडल आणि जोर यांची नोंद घेता येते.

जोर कमी करून देणारा माणूस शोधण्याचा प्रयत्नही लवकर सोडला गेला, असं माझं मत आहे. शिम आणि चकतीने काम भागलं, पण निम्म्या पेडलचा जोर पंधरा टक्के उतरवला असता तर दाब एवढा वाढवावा लागला नसता आणि पंपाचं आयुष्य वाढलं असतं. नागपुरात आता असा एकजण भेटला आहे, मूळ फाइल जपून ठेवतो आणि बदलाची नोंद हातात देतो. आंबिया बहाराची तोडणी डिसेंबरात आटोपली की गाडी त्याच्याकडे न्यायची आणि जोर उतरला तर रेग्युलेटरमागची शिम काढून दाब पुन्हा मोजायचा, असं मालकांशी ठरलं आहे.